एप्रिलमधला भाव

लक्ष्मीकांतराव आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. कुवेतमधल्या सालमियातल्या या इमारतीत शेजार इतका जुना झालाय की मी बिनधास्त सांगते: माणूस वाईट नाही, फक्त वस्तू हवी असते तेव्हा ती घेत नाही. स्वेटर मे महिन्यात, आकाशकंदील दिवाळी उलटल्यावर. पुढच्या वर्षी लावायला! मी एका शाळेचे हिशेब सांभाळते, तरी त्यांच्या शेजारी उभी राहिले की उधळी दिसते.

गेल्या डिसेंबरात त्यांच्या बायकोनं, शर्वरीनं हट्ट धरला. थंडी पडली की इथली कुटुंबं वाळवंटात तंबू ठोकतात, कॅराव्हॅन उभ्या करतात, शेकोटीभोवती सुट्ट्या काढतात. मार्चमध्ये तळ उठवायचा, असा सरकारी नियम. शर्वरीनं हे सगळं आजवर गाडीच्या काचेतून पाहिलेलं. आता लेकीची, आर्याची, बारावी. पुढच्या हिवाळ्यात ती पुण्याला कॉलेजात असणार.

"ती जायच्या आधी तिघांनी एक रात्र तिथं झोपायचं," शर्वरी म्हणाली. "बाकी मला काही नको."

रिग्गई भागात एका कुवेती म्हाताऱ्याच्या घराला लागून जुनी कॅराव्हॅन उभी होती. घासाघीस करायला मला सोबत नेलं. लक्ष्मीकांतराव चाकापाशी उकिडवे बसून टायरवरचं साल वाचत होते. मग सिंकखालची फळी बोटानं दाबून म्हणाले, "मऊ लागतेय." आत शर्वरी वितीनं खिडक्या मोजत होती.

"मंदाताई, पिवळं कापड घेऊ? वाळूत लांबून दिसेल."

आर्या वरच्या फळीवरच्या बिछान्यात पालथी पडली होती. तिथं कुणा पोरानं फुटबॉलवाल्यांची स्टिकरं चिकटवलेली. "आई, धिस इज माइन! कुणी वर यायचं नाही." घोडी बारावीची, पण त्या फळीवर तिसरीतली झाली होती.

म्हातारा भावात उतरेना. लक्ष्मीकांतराव माझ्या कानाशी लागले, "मार्चला तळ उठू दे. एप्रिलमध्ये हाच माणूस निम्म्यावर येतो की नाही बघा."

म्हाताऱ्याला हिंदी कळायची, मराठीही थोडी कळली असावी. हसून म्हणाला, "एप्रिल का भाव एप्रिल में दो. गाडी आज ले जाओ. मेरा बच्चा लोग बड़ा हो गया, ये खाली खड़ा है. तुम्हारा बेटी अभी है."

असा सौदा मी जन्मात ऐकला नव्हता. शर्वरी नवऱ्याकडे बघत राहिली.

"आधी वस्तू, मग पैसे?" लक्ष्मीकांतराव मराठीत पुटपुटले. "नक्की कुठंतरी पाणी मुरतंय."

"अहो, मुरू दे," शर्वरी म्हणाली. "एका रात्रीचा तर प्रश्न आहे."

"घाई कसली? नोव्हेंबरला तळ परत पडतातच की. आर्या येईल दिवाळीला."

गाडी न घेताच आम्ही परतलो. पण त्याच आठवड्यात शर्वरीनं पडदे शिवले. पिवळे.

एप्रिलमध्ये लक्ष्मीकांतराव पेढे घेऊन आमच्या दारात. "निम्म्यात, मंदाताई! निम्म्यात!" शर्वरीनं पेढा देवापुढे ठेवला. गाडी बघायला मात्र ती खाली उतरली नाही. उन्हाळाभर कॅराव्हॅन कुणाच्या तरी आवारात तापत पडली.

जुलैत मायलेकी पुण्याला गेल्या. आर्याला हॉस्टेल मिळालं नाही, म्हणून भाड्याची जागा घेतली. घर लावून देते आणि महिन्याभरात येते, असं शर्वरी सांगून गेली होती. तो महिना लांबतच गेला.

ऑक्टोबरात मी डबा द्यायला वर गेले, तेव्हा लक्ष्मीकांतरावांचा फोन स्पीकरवर होता.

"गाडी धुऊन घेतली. तुझे पडदेही लावलेत. तिकिटं काढू ना?"

"आर्याची परीक्षा आहे."

"मग तू तरी ये."

पलीकडे भांडं आपटल्यासारखं वाजलं. मग शर्वरी म्हणाली, "मी इथं नोकरी धरलीय. मी आता येत नाही, अहो."

"म्हणजे डिसेंबरला येशील?"

"येतच नाही. तिकडं राहायला नाही येत आता." तिचा आवाज चढला नाही, हे मला जास्त लागलं. "राग नाहीये माझा. तुमच्या 'पुढच्या वर्षी'त राहून राहून दमले मी."

मागून आर्या म्हणाली, "बाबा, जस्ट सेल इट. प्लीज."

डबा टेबलावर ठेवून मी खाली आले.

नोव्हेंबरात तळ पडायला लागले आणि लक्ष्मीकांतरावांनी विकायला काढलेल्या गाडीवर गिऱ्हाईकांच्या उड्या पडल्या. हैदराबादची रबिया नवऱ्याला आणि दोन पोरांना घेऊन आली. पोरं आल्या आल्या वरच्या फळीवरून भांडू लागली. नवऱ्यानं भाव पाडून बघितला, पण त्याला घाई होती. सुट्टी याच आठवड्यात होती. एप्रिलच्या दुप्पट मिळाले. लक्ष्मीकांतरावांच्या आयुष्यातला सगळ्यात फायद्याचा व्यवहार. मी बाजूला उभी होते, त्यांनी नोटा न मोजता खिशात घातल्या.

रबिया म्हणाली, "पर्दे कितने प्यारे हैं! साथ में हैं ना?"

"नहीं."

तिनं वर पैसे देऊ केले. ते ऐकतच नव्हते. एकेक पडदा काढून, नीट घडी घालून त्यांनी छातीशी धरला.

संध्याकाळी मला वर बोलावलं. हॉलच्या मोठ्या खिडकीवर ते पिवळे पडदे टांगले होते. कॅराव्हॅनच्या खिडकीला बोटभरही कमीजास्त न होणारे, इथं काचेच्या अर्ध्यावरच संपत होते. खालून समोरच्या इमारतीचे दिवे आत येत होते.

"पुरत नाहीत," ते म्हणाले. "खाली कापड जोडता येईल का हो, मंदाताई? हेच पिवळं."

ते ठाण गेल्या डिसेंबरातच संपलं होतं. शेवटचा तुकडा शर्वरीनं घेतला, तेव्हा मी दुकानात तिच्याबरोबर होते.

"येईल की," मी म्हटलं. "महिनाअखेर तिथं सेल लागतो, तेव्हा बघू."

"नाही, नाही." ते कारची किल्ली शोधत होते, खिसे चाचपत, घाईघाईनं. "आत्ता. आत्ता उघडं असेल ना ते दुकान?"

"असेल," मी म्हटलं आणि चपला घातल्या.