दोन परीक्षानळ्या

गोदूबाईंच्या मनगटावरचा फोड मालनने पट्टीने मोजला. अकरा मिलिमीटर. चिंचोक्याएवढा, कडा लाल, मध्ये पाणी.

"दुखतंय?"

"छे गं बाय. माझे हात दिवसभर मासळीच्या बर्फात. त्यांना काय गरम नि काय गार. काल तू विचारलंस, चटका लागतोय का, तर मी म्हटलं, चालू दे."

ध्वनिलहरींनी सांधे शेकायचं यंत्र रत्नागिरीत नवीन होतं आणि दवाखान्यातली रांग पायरीपर्यंत जायची. डॉक्टर बिवलकरांच्या सांगण्यावरून, यंत्र चालवणाऱ्या मालनने सहा महिने नोंदी ठेवल्या. तीव्रता वाढवली तर आठ मिनिटांचं काम पाचात होत होतं. पण आधी पेशंटला डोळे मिटायला लावून गरम आणि गार पाण्याच्या परीक्षानळ्या कातडीला टेकवायच्या. फरक ओळखता आला नाही, तर तीव्रता कमी आणि पूर्ण आठ मिनिटं. हे तिने पहिल्याच पानावर लिहिलं होतं.

डॉक्टरांनी त्या नोंदींवरून वेळेचा तक्ता टाइप करून भिंतीवर लावला. नळ्यांचं वाक्य त्यात नव्हतं. "नळ्यांतच तीन मिनिटं जाणार, मग आपण वाचवलं काय?" ते हसून म्हणाले होते. खाली नाव मात्र मालनचं. ज्यांनी हाताला धरून काम शिकवलं, त्यांच्याशी वाद कसा घालायचा? तीन आठवडे ती रोज सकाळी ठरवत होती, आज बोलायचं. तोवर रांग सुरू व्हायची.

डॉक्टर आत आले. त्यांनी फोड पाहिला.

"मलम लावा. मावशी, वेळ मालनताईंनीच कमी केला बरं का. तक्त्यावर नाव आहे त्यांचं. नवीन आहेत, सांभाळून घ्या."

ते सहज बोलले होते, खिशातलं पेन शोधत.

गोदूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, सकाळी ताजी म्हणून घेतलेली टोपली दुपारी उघडून बघावी, तसं.

"खरं गं?"

"वेळ मी कमी केला," मालन म्हणाली. "पण आधी तुमचा हात तपासायचा, हेही मीच लिहिलं होतं. ते गाळलं गेलं, हे माहीत असून काल मी यंत्र लावलं."

तिने तक्ता भिंतीवरून काढला, घडी घालून कोटाच्या खिशात ठेवला.

"सर, नळ्या लावल्याशिवाय मी यापुढे कोणालाही हे यंत्र लावणार नाही. मला ठेवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."