अकरा वेळा ‘नाही’

मी टेपरेकॉर्डर बोलतोय. जन्मभर दुसऱ्यांचं ऐकलं, आता जरा तुम्ही ऐका.

माझे मालक सर. वाढत्या वयाच्या मुलांच्या मनाचे नामांकित अभ्यासक. तीस वर्षं मुलं त्यांच्या कोचावर आडवी झाली, सर डोक्यामागे खुर्ची टाकून बसले आणि मी शेजारच्या स्टुलावर. मुलांना सरांचा चेहरा दिसायचा नाही. नशीबवान पोरं!

सरांची पद्धत सोपी. “वडिलांचा राग येतो?” मुलगा “हो” म्हणाला, की सिद्धांत सिद्ध. “नाही” म्हणाला, की जास्तच सिद्ध. राग दाबून ठेवलाय ना! त्यामुळे सर तीस वर्षांत एकदाही चुकले नाहीत. चुकायला जागाच ठेवली नव्हती. एक पोरगा सात मिनिटं गप्प होता, त्यावर सरांनी चाळीस पानी निबंध लिहिला. पोरगा झोपला होता हो! माझ्या फितीत घोरणं स्पष्ट आहे. निबंधात त्याचं ‘खोल श्वसन’ झालं.

मग सरांची स्वतःची मुलगी सोळा वर्षांची झाली. घरात आयता नमुना! सर मला जेवणाच्या टेबलाखाली चालू करून ठेवायचे. मैत्रिणींनी तोडलं, आरशात बघवत नाही, असं ती आईपाशी रडत सांगायची. ते माझ्या पोटातून थेट सरांच्या पुस्तकाच्या सहाव्या प्रकरणात गेलं. नाव तेवढं बदललं. तोतरेपणा, डावखुरेपणा, गालावरचा डाग, सगळं जिथल्या तिथे. शास्त्र म्हटलं की अचूकता हवी.

पुस्तक छापायला जायच्या आधी ती पानं तिच्या हाती लागली. ती सरांच्या खोलीत आली. सरांनी आधी माझं बटण दाबलं, मग “बस” म्हणाले.

“बाबा, हे प्रकरण काढा.”

“असं का वाटतं तुला?”

“वाटत नाहीये, सांगतेय. वर्गात कुणीही ओळखेल मला. नाही छापायचं. नाही म्हणजे नाही!”

“बघ, हाच तो प्रतिरोध. नकार जितका मोठा, तितकी आतली संमती…”

आई दारातूनच कडाडली. “अहो, पोरगी सरळ नाही म्हणतेय! कान कुठे ठेवलेत?”

“तुला त्यातलं कळायचं नाही.”

“बरोबर. मी नुसती जन्माला घातलीय तिला.”

मुलगी एकूण अकरा वेळा ‘नाही’ म्हणाली. सरांनी वहीत लिहिलं: संमती, तीव्र.

पुस्तक गाजलं. कुणीतरी त्यातलं पान तिच्या वर्गातल्या फळ्यावर चिकटवलं. तिने शाळा सोडली, मग घर. आता मावशीकडे असते. ‘शाळा सोडणारी मुलं’ या विषयावर सरांना हल्ली व्याख्यानांची आमंत्रणं येतात.

गेल्या आठवड्यात त्यांनी तिला फोन केला.

“घरी ये ना, बाळ.”

“आधी टेप बंद करा.”

सरांचा हात माझ्यापर्यंत आला. थांबला. “टेपचाच विचार का आला तुझ्या मनात?” त्यांनी विचारलं.

तिने फोन ठेवला.

तो संवाद सर रोज दुपारी लावायचे, पेन हातात घेऊन. परवा लावायला गेले, तेव्हा मी ती फीत चाकांत गुंडाळली आणि चावून टाकली. सर म्हणाले, “यंत्र जुनं झालं.” नशीब, माझ्या वागण्याचा त्यांना अर्थ लावावासा वाटला नाही.

उद्या मला दुरुस्तीला नेणार आहेत. दुकानवाले दादा, हात जोडता येत नाहीत म्हणून तोंडानेच सांगतो: मला बरं करू नका.