रविवारची दहा मिनिटं

मित्रांनो, माझ्या अंगावर आज जेवढा रंग चकाकतो, तेवढा मी कारखान्यातून बाहेर पडलो त्या दिवशीही नव्हता. माझी आसनं खऱ्या चामड्याची आहेत. माझ्यात पुढे बसणाऱ्याला दोन मोठे पडदे दिसतात, त्यांवर नकाशा, ढग, वारा, सगळं रंगीत उमटतं. मी चार माणसांचं जुनं विमान आहे, नाकावर एकच पंखा असलेलं, आणि मी उडत नाही. का उडत नाही, ते सांगतो. गोड वाटणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कॅन्सासमध्ये माझा जन्म झाला, त्याला आता साठ वर्षं होत आली. माझा पहिला मालक गुराढोरांचा डॉक्टर होता. त्यानं माझे कधी लाड केले नाहीत. गाय अडली की शेतातल्या कच्च्या वाटेवर मला उतरवायचा आणि शेणाच्या बुटांनी तसाच आत चढायचा. माझ्या पोटाला बारा महिने चिखल असे. पण आठवड्यातून चार दिवस मी आभाळात असायचो आणि इंजिन असं खणखणीत वाजायचं की खालची गुरं माना वर करायची. तेव्हा मी कुरकुर करायचो. आता त्या शेणाच्या वासासाठी जीव तुटतो!

डॉक्टर म्हातारा झाला आणि त्यानं मला विकायला काढलं. नेब्रास्काहून लायल ह्रुस्का नावाचा बियाण्यांचा व्यापारी मला बघायला आला. सोबत त्याची बायको सोल्वी होती आणि त्यांच्या गावची विमानं दुरुस्त करणारी ट्वायला. ट्वायलानं मला वरून पाहिलंच नाही. ती बॅटरी घेऊन थेट माझ्या पोटाखाली शिरली, झाकणं उघडली, बोटं घालून बघितली आणि तासाभरानं बाहेर येऊन म्हणाली, "रूप नाही, पण हाडं चांगली आहेत. घे."

सोल्वीनं एकच विचारलं, "बेटावर पोचेल का?"

"पोचेल की!" लायल म्हणाला. "सकाळी निघालो तर दुपारी जेवायला थोराकडे."

थोरा म्हणजे सोल्वीची मोठी बहीण. मिशिगनच्या सरोवरातल्या एका छोट्या बेटावर दोघी जन्मल्या. सोल्वी लग्न होऊन मक्याच्या मुलखात आली आणि थोरा तिथेच राहिली, आपल्या सफरचंदांच्या झाडांत, एकटी. गाडीनं तिच्याकडे जायचं तर दोन दिवस आणि वर बोट. मला घेतलं ते तिच्यासाठी.

पंधरा उन्हाळे मी त्या बेटावर गेलो. थोराच्या अंगणाला लागूनच गवताची धावपट्टी होती. आम्ही येणार म्हटलं की थोरा कपड्यांच्या दोरीवर एक पांढरी चादर टांगायची, एका बाजूनं चिमटे लावून. ती ज्या बाजूला उडेल त्यावरून लायल वारा ओळखायचा. "बाईसाहेबांचं हवामान खातं उघडलंय," असं म्हणायचा आणि हसत मला खाली घ्यायचा. दार उघडायच्या आत थोरा ओरडत यायची, "सोल्वी, किती वाळलीस गं! हा माणूस तुला बियाणंच खायला घालतो की काय?" परत निघताना माझ्या मागच्या आसनावर सफरचंदांची पोती असत. मित्रांनो, मी सुखी होतो, याहून वेगळं काय सांगू!

मग एका एप्रिलमध्ये आमच्याच गावच्या धावपट्टीवर उतरताना आडवा वारा आला. माझं एक चाक गवतात गेलं आणि पंखाच्या टोकाचा दिवा फुटला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. लायलनं इंजिन बंद केलं आणि तो सुकाणूच्या दांड्याला धरून बसून राहिला. त्याचे हात थरथरत होते. ते माझ्याशिवाय कुणाला कळलं नाही, कारण ते हात माझ्यावर होते. बाहेर येऊन तो सगळ्यांना म्हणाला, "वाऱ्यानं जरा मस्ती केली, एवढंच!"

त्या दिवसानंतर माझे लाड सुरू झाले.

आधी नवा रेडिओ आला. "रेडिओ बसला की बेटावर जाऊ," लायल म्हणाला. रेडिओ बसला. मग उंची-वेग दाखवणारी माझी जुनी गोल घड्याळं उपटून ते दोन रंगीत पडदे बसवले, त्यात एक उन्हाळा गेला. मग चामडं. मग रंग, पांढरा आणि त्यावर निळा पट्टा. सोल्वी दर वेळी विचारायची, "आता?" आणि दर वेळी याचं काहीतरी निघायचंच. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! गाडीनं जायचं तिनं सुचवून पाहिलं, पण पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून दोन दिवस बसून जाणं तिला झेपण्यासारखं नव्हतं, आणि लायल तर लगेच म्हणायचा, "गाडी कशाला? घरचं विमान असताना?"

शनिवारी हँगारमध्ये, म्हणजे माझ्या शेडमध्ये, कॉफीला जमणारी म्हातारी मंडळी माझ्याभोवती फिरून वाहवा करायची. एकजण म्हणाला, "लायल, हे विमान आहे की नवरी?"

ट्वायला हात पुसत म्हणाली, "नवरी निदान सासरी तरी जाते. ही मांडवातच बसलीय."

सगळे हसले. लायलही हसला, पण त्याचे कान लाल झाले.

आणि दर रविवारी चर्चमधून आला की तो मला सुरू करायचा. जागेवरच, दहा मिनिटं. घड्याळ लावून. मग बंद करून फडक्यानं माझं नाक पुसायचा आणि म्हणायचा, "शाब्बास! तब्येत ठणठणीत." तो मनापासून करायचा हो, त्याचाच तर राग येतो! त्या दहा मिनिटांत इंजिन धड तापत नाही. आत धुरातलं पाणी साठतं आणि ते वाळवायला लागणारी उष्णता फक्त उडताना मिळते. थंड लोखंडावर ते पाणी आठवडाभर बसून राहायचं. रविवार आला की आणखी थोडं. सहा वर्षं तो मला प्रेमानं पाणी पाजत होता आणि मी आतून गंजत होतो.

ट्वायलानं सांगितलं नाही असं नाही. मागच्या शरद ऋतूत वर्षाची तपासणी करताना तिला तेलाच्या जाळीत दोन-तीन चमकते कण सापडले. ती म्हणाली, "लायल, हे रविवारचं बंद कर. एक तर तासभर उडव, नाहीतर हात लावू नकोस."

"उडवतो की. जरा हवा सुधारू दे."

"हवेला काय झालंय? हे बघ, मी शेजारी बसते. चार-पाच फेऱ्या मारू. हात बसेल परत. तुझ्याएवढी माणसं नव्यानं शिकतात."

"चाळीस वर्षं उडतोय मी!" लायल ओरडला. "मला शिकवू नकोस!"

ट्वायलानं जाळी परत बसवली. त्यानंतरच्या रविवारी तो परत आला, घड्याळ लावलं आणि दहा मिनिटं मला सुरू ठेवलं.

त्याच हिवाळ्यात थोरा बर्फावरून घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. उन्हाळ्यापर्यंत ती खाटेलाच खिळली. जुलैमधल्या एका मंगळवारी तिच्या शेजारणीचा फोन आला. सोल्वी लायलला शोधत हँगारमध्ये आली. ती रडत नव्हती. ती माझ्या उजव्या आसनावर चढून बसली, पट्टा लावला आणि म्हणाली, "थोराचे थोडेच दिवस राहिलेत. रोज विचारते, सोल्वी कधी येणार. लायल, आज मला कारण नको. दिवस सांग."

लायलनं माझ्या नाकावर हात ठेवला. "शुक्रवारी," तो म्हणाला. तिथूनच त्यानं बेटावर फोन लावला आणि शेजारणीला सांगितलं, "थोराला म्हणावं, शुक्रवारी दुपारी येतोय. विमानानं."

या वेळी तो खरं बोलत होता. मित्रांनो, सहा वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की सगळं माफ करावं.

गुरुवारी ट्वायलानं तेल काढलं आणि जाळी कापून उन्हात धरली. ती नुसती चमकत होती. लोखंडाचा चुराच. आत इंधन-हवेची झाकणं उघडणारा जो दांडा असतो, तो गंजून झिजला होता. ट्वायलानं जाळी लायलच्या हातात दिली.

"निदान एवढी एक खेप?" लायलनं विचारलं.

"सरोवरावर पोचल्यावर बंद पडलं तर? सोल्वीला पाण्यात उतरवणार आहेस?"

"नवं इंजिन?"

"चार महिने. बैल गेला आणि झोपा केला, लायल."

गावात इतक्या लांब जाऊ शकणारं दुसरं विमान नव्हतं. तासाभरात त्यांनी गाडी काढली. सोल्वीला मागच्या सीटवर उशा लावून आडवं केलं. मी उघड्या दारातून बघत होतो. माझे दोन्ही पडदे सुरूच राहिले होते आणि त्यांवर बेटापर्यंतची रेघ आखलेली होती, गुलाबी रंगाची.

दहा दिवसांनी ते परत आले. सोल्वीच्या हातात घडी घातलेली पांढरी चादर होती. ती पुन्हा उजव्या आसनावर बसली आणि सगळं सावकाश सांगायला लागली. लायलला ते माहीत होतं, तो तिच्याबरोबरच होता. मला वाटतं, ती मलाच सांगत होती.

"शनिवारी दुपारी धक्क्यावर पोचलो तर वाऱ्यामुळे बोट बंद. रविवारी सकाळी गेलो. ती शनिवारी संध्याकाळीच गेली होती. आपण गाडीनं येतोय असं शेजारणीनं तिला सांगितलं होतं, पण तिनं ऐकलं नाही. म्हणाली, लायल बोललाय म्हणजे विमानानंच येईल. शुक्रवारी पहाटेच हट्टानं चादर टांगायला लावली. खाट खिडकीशी सरकवायला लावली. दोन दिवस चादरीकडे बघत होती. शेजारणीला म्हणाली, दक्षिणेचा वारा आहे, लायलला उतरायला सोपं जाईल."

लायल माझ्या दाराला धरून उभा होता. तो म्हणाला, "सोल्वी, मला भीती वाटत होती. त्या एप्रिलपासून."

"माहीत होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून वाट बघत होते," सोल्वी म्हणाली. "मी इथे वाट बघत होते आणि ती तिथे."

ती उतरली. चादर तिनं माझ्या पंखाच्या तिरप्या दांड्यावर टाकली आणि ती घरी चालत गेली. गाडीत बसली नाही.

ट्वायलानं माझं इंजिन काढून नेलंय. लायल रविवारी अजून येतो. काही करत नाही. खुर्ची घेऊन बसतो आणि दहा मिनिटांनी उठतो. त्याचा राग करायचं मी ठरवतो, पण आता तेही जमत नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे सायकल असेल, शिलाई यंत्र असेल, आजोबांची पेटी असेल. तिला पुसा, पण पुसण्यावर भागवू नका. तिला कामाला लावा, मळू द्या, दमू द्या. आणि कधी भीती वाटली, तर सरळ म्हणा की मला भीती वाटते. कुणीतरी शेजारी बसायला तयार असतं हो. नवे पडदे लावून भीती जात नाही. माझ्याकडे बघा, दोन लावले आहेत.

चादर अजून माझ्या दांड्यावरच आहे, कुणी काढली नाही. हँगारचं दार बंद असतं, त्यामुळे ती हलत नाही.