पोकळीतला कापूस

धुळ्याला आग्रा रोडवर निंबाचं डेंटिंगचं शेड होतं. पत्र्याचं दुखणं निंबा नुसत्या टिचकीनं ओळखतो, असा त्याचा लौकिक. त्यातला निम्मा त्यानं स्वतःच पसरवलेला. एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात मगन सोनगीरहून वडिलांची जुनी फियाट घेऊन आला. गाडी छत्तीस वर्षांची, पण रंग असा की त्यात बघून भांग पाडावा. वडील देवचंद नाना वारून सहा वर्षं झाली होती. मागच्या सीटवर आई द्रौपदाबाई जीव मुठीत धरून बसलेली.

मगनचं म्हणणं सरळ होतं. "खालून चांगली असली तर ठेवू. कुजली असली तर आजच भंगारात."

निंबानं दाराखालच्या पोकळ पट्टीवर हातोडी वाजवली. आवाज भदभद आला. खालच्या भोकांत तार घालून त्यानं ओढलं, तर काळा, ओला कापूस मुठीमुठीनं बाहेर यायला लागला. त्याला गंजाचे पापुद्रे चिकटलेले.

"आई, हे काय?"

द्रौपदाबाई खाली उतरली. "दर दसऱ्याले मीच भरस ना! एरंडेलमा बुचकाळीसन. पानी आत जावाले नको म्हनीसन."

"अगं, ती भोकं पाणी बाहेर जायला असतात! सहा वर्षं तूच नानांची गाडी कुजवलीस!"

निंबानं तार ओढणं थांबवलं. कापसाचा हा सल्ला कुणाचा, ते त्याला ठाऊक होतं.

अठ्ठ्याहत्तर साली नाना याच शेडमध्ये आले होते आणि निंबानंच अकलेचे तारे तोडले होते: भोकांतून धूळ-पाणी शिरतं, तेलाचा कापूस ठासा. कापसाच्या मुलखात कापसाला काय तोटा! नाना दर दसऱ्याला गाडीखाली शिरत, ते गेल्यावर बाई शिरू लागली. तेल ओघळून जाई, कापूस मात्र धुण्याचं, पावसाचं पाणी धरून बसे. पुढे दुसऱ्या गाड्या सडल्या तेव्हा निंबाला उमगलं. नव्या गिऱ्हाइकांना तो भोकं उघडी ठेवा म्हणून सांगू लागला. सोनगीर वीस किलोमीटर. तिथं जाऊन चूक सांगायचं मात्र त्याच्यानं झालं नाही.

आता तर सुंठीवाचून खोकला जात होता. शेजारी जीवराम ट्रकवाला उभा, आणखी दोन गिऱ्हाइकं उभी. तोंड उघडलं की लौकिक मातीत. निंबा तार पुसत राहिला.

द्रौपदाबाई खाली वाकली आणि चोरी पकडली गेल्यासारखी पडलेला कापूस भराभरा पदरात लपवू लागली. ते पाहून निंबाला स्वतःची किळस आली.

"मगनभाऊ, अक्काले बोलू नको," तो मोठ्यानं म्हणाला. "नानाले मीच सांगेल व्हतं. मी चुकनू. समजनं तरी सांगाले गयू नही."

जीवराम बघतच राहिला. निंबानं त्याच्याकडे पाहिलं नाही. "पट्टी कापून नवा पत्रा लावतो. बाकी गाडी धड आहे. भंगारात घालू नका."

द्रौपदाबाई पदर तसाच धरून निंबासमोर आली. ही आता शिव्या घालणार, म्हणून त्यानं मान खाली घातली.

"मंग मी नही ना कुजाडी?"

"नही, अक्का."

तिचे डोळे भरून आले. तिनं मुलाकडे बोट केलं.

"आते त्याकडे देखीसन सांग."