दोन श्रेयांक कमी

“ताई, दोन श्रेयांक कमी पडतायत,” भौतिकशास्त्र विभागाचा लेखनिक म्हणाला आणि त्यानं कागद खिडकीतून बाहेर सरकवला.

तिनं तो उभ्याउभ्याच वाचला. यांत्रिकी, पुंजयांत्रिकी, विद्युतचुंबकत्व, सांख्यिकी भौतिकी हे चारही सक्तीचे विषय पूर्ण. दोन ऐच्छिक विषय झालेले, प्रकल्प झालेला, तोंडी परीक्षासुद्धा झालेली. घोडं अडलं होतं ते दुसऱ्या वर्षी केलेल्या प्रकाशशास्त्राच्या प्रयोगशाळेपाशी.

“ही मी केलीय. वही आहे माझ्याकडे.”

“केलीत हो. तेव्हा तिचे चार श्रेयांक होते. नव्या अभ्यासक्रमात दोनच धरतात. नियम काही मी केला नाही.”

बाकीची मुलं ही पदव्युत्तर पदवी दोन वर्षांत, चार सत्रांत उरकतात. ती हॉस्पिटलच्या किरणोपचार विभागात तंत्रज्ञ. नोकरी सांभाळून सत्राला एखाददुसरा विषय घेत तिला सहा वर्षं लागली होती. सहा वर्षं हीच शेवटची मुदत, आणि ती या महिनाअखेर संपत होती.

लेखनिकानं नियमांचं पुस्तक उघडलं. “दोन वाटा आहेत. समितीकडे अर्ज करा, वर्ष वाढवून मिळेल, प्रयोगशाळा परत करा. नाहीतर एका दिवसाची प्रयोगपरीक्षा. चिठ्ठी उचलायची, येईल तो प्रयोग तीन तासांत करून दाखवायचा. पास झालात तर दोन श्रेयांक. नापास झालात तर नोंदणीच रद्द, सगळ्यावर पाणी. मी तुमच्या जागी असतो तर गुमान अर्ज केला असता.”

“परीक्षेची तारीख द्या,” ती म्हणाली.

घरी नवरा मशीनवर पँटला अस्तर लावत होता. तो शिंपी, तोंडातल्या टाचण्या काढून झाल्याशिवाय बोलत नसे. त्या काढून तो म्हणाला, “हातातोंडाशी आलेला घास आहे. एक वर्ष थांबलीस तर काय बिघडणार आहे?”

“काहीच नाही. पण येतंय मला ते. येतंय त्याच्यासाठी कशाला थांबायचं?”

“माझं कॉलेज तुझ्यानंतर सुरू झालं नि आधी संपलं,” मुलगी आतून म्हणाली. “बाबा, तिला जाऊ द्या.”

नवऱ्यानं टाचण्या डबीत टाकल्या. “मग आधी चष्म्याचा नंबर तपासून घे. परवा सुईत दोरा ओवता येईना तुला.”

तिनं तो तपासून घेतला.

या सगळ्याची सुरुवात उपचाराला आलेल्या एका आजीनं केली होती. यंत्राखाली निजल्या निजल्या तिनं विचारलं होतं, “किती देतेस गं मला? आणि तेवढंच का?” कितीचं उत्तर समोरच्या कागदावर होतं. तेवढंच का, ते तिला सांगता आलं नाही. किरणांच्या मात्रेचा आकडा शेजारच्या खोलीतले भौतिकतज्ज्ञ काढत, ती तेरा वर्षं फक्त बटण दाबत होती. पुढच्याच आठवड्यात तिनं प्रवेश अर्ज आणला. आजी मात्र पहिलं सत्र संपायच्या आधीच गेली.

परीक्षेच्या दिवशी चिठ्ठीत प्रिझम निघाला. काचेचा अपवर्तनांक काढायचा. तिनं वर्णपटमापकाची दुर्बीण खिडकीबाहेरच्या लांबच्या मनोऱ्यावर रोखून नीट केली, प्रिझम ठेवायचं छोटं टेबल समतल केलं, पिवळा दिवा लावला. मोजपट्टीवरच्या रेघा नव्या चष्म्यातूनही बारीकच होत्या. दोघा परीक्षकांतला तरुण जवळ आला. “मी वाचून सांगू का?”

“नको. भिंग असेल तर द्या.”

प्रिझमचा कोन तीनदा मोजला. दोनदा साठ अंशांच्या आसपास आला, तिसऱ्यांदा अर्धा अंश जास्त. तिनं टेबलाचे स्क्रू चाचपले. एक ढिला होता. तो आवळून तिनं तिन्ही मोजमापं पुन्हा घेतली. मग किरण कमीत कमी किती वळतो तो कोन घेतला आणि वेळ संपायला दहा मिनिटं असताना उत्तर लिहून पेन खाली ठेवलं.

वयस्कर परीक्षकांनी वही उलटसुलट पाहिली. “हे चुकलेले आकडे कशाला ठेवलेत? खोडून टाकायचे.”

“आमच्याकडे आकडा खोडत नाहीत, सर. वाचता येईल अशी एक रेघ मारतात आणि शेजारी कारण लिहितात.”

“आमच्याकडे म्हणजे?”

“किरणोपचारात.”

त्यांनी शेजारी लिहिलेलं कारण वाचलं. मग उठून स्वतः त्या स्क्रूला बोट लावून पाहिलं. तरुण परीक्षकानं एकदोन प्रश्न विचारले, तिनं सावकाश उत्तरं दिली. दुपारी लेखनिकानं तिच्या नावापुढे दोन श्रेयांक चढवले आणि म्हणाला, “ताई, माझा सल्ला तुम्ही ऐकला नाहीत ते बरं झालं.”

सोमवारी भौतिकतज्ज्ञ साहेबांनी नव्या रुग्णाची फाइल तिच्या टेबलावर ठेवली. “तू काढ. मी तपासतो.”

रुग्ण बसचालक होता, घशाचा आजार. तिनं मात्रा काढली, परत काढली. साहेबांनी ताडून पाहिली आणि मान डोलावली. कागदाच्या तळाशी सह्यांसाठी दोन ओळी होत्या. वर ‘यंत्र चालवणारे’, खाली ‘मात्रा काढणारे’. एकोणीस वर्षं तिनं वरच्याच ओळीवर सही केली होती. आज पेन खालच्या ओळीवर टेकवून तिनं पूर्ण नाव लिहिलं, शाई वाळेपर्यंत थांबली, आणि रुग्णाला आत घ्यायला स्वतः उठून बाहेर गेली.