पुढे पाच, मागे सहा

मी ठाण्यातल्या चरईच्या श्रीपाद टिपणिसांची मोटार बोलतेय. आवाज जरा खरखरीत वाटेल, तेवढं सांभाळून घ्या. वय झालंय, आणि आज निघायचीही घाई आहे.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. जहाजातून मुंबईला आले आणि एका इंग्रज इंजिनिअर साहेबाच्या दारात उभी राहिले. सत्तेचाळीस साली साहेब मायदेशी निघाला. जाताना त्यानं कुत्र्याला बरोबर नेलं, मला नाही. जिल्हा कचेरीतले अव्वल कारकून श्रीपाद टिपणीस तेव्हा साहेबाचा निरोप घ्यायला म्हणून आले होते. ते मला घेऊन गेले.

माझ्यात एकच खोट होती. मी थांबत नसे.

म्हणजे ब्रेक होते. लोखंडी सळ्यांचे, जुन्या पद्धतीचे. पण सळ्या झिजलेल्या, सांधे सैल पडलेले. श्रीपादरावांना मात्र हे कुणी बोललेलं खपत नसे. "ब्रेक आहेत," ते ठणकावून सांगत, "फक्त ते विचार करून लागतात."

माझा विचार होईपर्यंत बाकीच्यांना धावपळ करावी लागे. कचेरीच्या फाटकापाशी एक धिप्पाड शिपाई दोन्ही हात पुढे करून उभा राही. माझं नाक त्याच्या तळहातांवर टेकलं की टिपणीस साहेब आले असं कचेरी समजे. घरी परतताना मी गोठ्यातल्या पेंढ्यात शिरत असे. म्हशीनं सुरुवातीला दूध आटवलं, मग तिलाही सवय झाली.

मागच्या सीटवर श्रीपादरावांची बायको सुमतीबाई बसायच्या. त्यांचं माहेर कल्याणचं, त्यामुळे दर रविवारी आम्ही कळवा-मुंब्र्यावरून कल्याणला जायचो. अख्ख्या प्रवासात त्या दोनच शब्द बोलत. "अहो, ब्रेक!" त्यावर श्रीपादराव म्हणत, "दाबलाय." एवढाच त्यांचा संसारातला संवाद. लग्नाला बारा वर्षं झाली होती.

एका रविवारी कल्याणला निघण्याआधी श्रीपादराव मासळी घ्यायला चेंदणी कोळीवाड्यात शिरले. उताराला मी जी सुटले ती थेट वाळत घातलेल्या बोंबलांत. दोऱ्या तुटल्या, बांबू आडवे झाले, आणि गळ्यात बोंबलांची माळ घालून मी एका होडीला टेकून उभी राहिले.

होडी आवडाबाईची होती. कमरेवर हात ठेवून ती पुढं आली.

"सायब, नांगर का नाय टाकला?"

"कसला नांगर?" श्रीपादराव म्हणाले. "ही मोटार आहे. जमिनीवर चालते."

"चालताना दिसली. थांबताना नाय दिसली."

श्रीपादराव कायद्याचं काहीतरी बोलायला गेले, पण मागून सुमतीबाई खाली उतरल्या आणि विखुरलेले बोंबील गोळा करायला लागल्या. आवडाबाई बघत राहिली. मग तीही बसली. बोंबील गोळा करता करता दोघींचं काय बोलणं झालं मला ऐकू आलं नाही, पण उठताना सुमतीबाई हसत होत्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. त्यांचा पुढचा एक दात थोडा वाकडा होता.

ठरलं ते असं. आवडाबाई आपल्या होडीचा जुना नांगर घेऊन मागं बसणार आणि सांगितलं की तो रस्त्यात टाकणार. बदल्यात तिला आणि तिच्या सुक्या मासळीच्या टोपलीला दर रविवारी कल्याणच्या बाजारात सोडायचं.

"लोक काय म्हणतील?" श्रीपादरावांनी विचारलं.

"आता काय म्हणतात?" सुमतीबाई म्हणाल्या.

नांगर लागू पडला. कळव्याच्या नाक्यावर तो दगडात अडकला आणि मी जागच्या जागी थांबले. इतकी अचानक, की श्रीपादरावांची टोपी काचेवर आपटली. त्यांनी ती झटकून परत घातली आणि म्हणाले, "प्रगती आहे."

मागच्या सीटवर मग बोलणं सुरू झालं. बोंबील किती उन्हं खातो, सासू किती बोल लावते, कुणाची पोर कुणाला दिली. सुमतीबाईंच्या पोटात इतकं काही साठलेलं असेल असं मला वाटलंच नव्हतं. मधेच त्या म्हणत, "आवडाबाई, नांगर." ती तो टाकायची, सगळे पुढं जाऊन मागं यायचे, आणि गोष्ट होती तिथून पुढं चालू व्हायची.

पण नांगर हा नांगर. तो दगड आणि देवकार्य यात फरक करत नाही.

एकदा चरईतल्या एका गल्लीत सत्यनारायणाची पूजा चालली होती. दारात मांडव. आवडाबाईनं टाकलेला नांगर रस्त्यात न रुतता मांडवाच्या खांबाला लागला. मांडवही माझ्यासारखाच निघाला, थांबेना. त्याच्या वजनानं माझी चाल मंदावली खरी, पण उतार असल्यामुळे मी माणसाच्या पावलानं पुढं सरकतच राहिले आणि मांडव माझ्यामागून.

"थांबा, थांबा!" यजमान ओरडले.

"तोच प्रयत्न चाललाय!" श्रीपादराव ओरडले.

भटजी मात्र कसलेले. कथा मध्येच सोडून उठलं तर काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांनी दोघांना चौरंग उचलायला लावला आणि पोथी हातात धरून मांडवाच्या सावलीतून चालू लागले. मागं यजमान, यजमानीण, पाहुणे आणि कलश घेतलेली एक म्हातारी. वाटेत भेटणारे लोक चपला काढून हात जोडत होते. काही जण सामील झाले.

कथा खोपटला संपली. तिथं रस्त्याला जरा चढ लागला आणि मी एका मिस्त्रीच्या दारात थांबले. आरती तिथंच झाली. प्रसादाचा पहिला द्रोण ज्याच्या हातात पडला तो परशुराम मिस्त्री. त्यानं शिरा संपवला, हात पुसले, माझ्या पोटाखाली शिरला आणि आतूनच म्हणाला, "ह्याला तेलाचे ब्रेक पायजेत. होऊन जाईल."

'होऊन जाईल' हे परशुरामाचं ब्रीदच होतं. त्याला गाडी आणा, शिवणयंत्र आणा, पडका दात आणा, तो हेच म्हणणार.

लढाई संपल्यावर कल्याणच्या लष्करी छावणीतला माल लिलावात निघाला होता. तिथून परशुरामानं एका लष्करी गाडीचे पुढचे ब्रेक आणले. आत तेल भरलेलं. पायानं दाबलं की तेल धावतं आणि चाक धरतं. विचारबिचार काही नाही. माझ्या पुढच्या सळ्या निघाल्या, तेलाच्या नळ्या बसल्या. मागं जुनंच राहिलं.

मग चाक चढवायला घेतलं आणि घोळ कळला. माझ्या चाकांना भोकं सहा. नव्या ब्रेकवरचे बोल्ट पाच.

"त्या गाडीची चाकं कुठायत?" श्रीपादरावांनी विचारलं.

"ती एकानं बैलगाडीला नेली."

"मग आता?"

"होऊन जाईल."

परशुरामानं आधी माझ्या एका चाकाला, सहा भोकांच्या मधूनमधून, आणखी पाच भोकं पाडली. अकरा भोकांचं ते चाक चकलीच्या सोऱ्यासारखं दिसायला लागलं आणि उचलताना त्याचा मधला भाग खाली गळून पडला. ते चाक पुढं टिपणिसांच्या तुळशीला कठडा म्हणून गेलं, आणि त्याच्या जागी माझं जादाचं चाक आलं. मग जाड लोखंडाच्या दोन थाळ्या कापल्या. थाळी आतून पाच बोल्टांनी ब्रेकवर घट्ट बसणार, आणि तिच्यावर बाहेरून सहा नट आवळून माझं चाक. पाचाचं आणि सहाचं असं मधे मध्यस्थ घालून जमवलं. थाळ्यांमुळे चाकं बाहेर आली आणि मी पुढून फेंगडी झाले. म्हातारपणी पाय असे पसरलेले बरे दिसत नाहीत, पण मला कुणी विचारलं नाही.

"आवडाबाई," श्रीपादराव त्या रविवारी म्हणाले, "आता नांगराची गरज नाही. आभारी आहे."

ती "बरं" म्हणाली. नांगर खांद्यावर घेतला, टोपली डोक्यावर, आणि चालू लागली. कल्याणपर्यंत सुमतीबाई "अहो, ब्रेक" सुद्धा म्हणाल्या नाहीत, आणि मागची सीट मला फार मोठी वाटली.

पुढच्या रविवारी श्रीपादरावांनी ब्रेकची खरी परीक्षा घ्यायचं ठरवलं. जागा पारसिकचा उतार. परशुराम पुढं त्यांच्याशेजारी, सुमतीबाई मागं. मुंब्र्याकडून उतरताना उजवीकडे डोंगर, डावीकडे खाली खाडी. मी वेगात आले. श्रीपादरावांनी पाय दाबला.

काय सांगू! आयुष्यात पहिल्यांदाच मी विचार न करता थांबायला लागले. पण त्याच वेळी डावीकडे काहीतरी हलकं झालं.

"अहो," सुमतीबाई शांतपणे म्हणाल्या, "आपलं चाक पुढं चाललंय."

खरंच चाललं होतं. रस्त्याच्या मधोमध, अगदी शिस्तीत, कळव्याच्या दिशेनं. परशुरामानं आतले पाच बोल्ट जीव खाऊन आवळले होते. बाहेरच्या सहा नटांपैकी दोनच लावले होते, बाकीचे म्हणे परीक्षा झाल्यावर लावू. मी थाळी घासत गेले आणि काठावर थांबले. नाकाचा डावा कोपरा खाडीवर.

"लागला!" श्रीपादराव आनंदानं ओरडले. "ब्रेक लागला!"

मग मी करकरले आणि किंचित खाली झुकले. आनंद ओसरला. कुणी हललं तर मी जाणार होते. परशुरामाच्या बाजूला दरी, सुमतीबाईंच्याही. ब्रेकवरचा पाय काढायचीही श्रीपादरावांची छाती होईना. तिघं श्वास रोखून बसले. मी माझ्या तीन पायांवर जितकी ताठ राहता आलं तितकी राहिले. लोखंडाला घाम येतो, हे त्या दिवशी कळलं.

"सुमती," श्रीपादराव पुढंच बघत म्हणाले, "तुला भीती वाटतेय का?"

"हो."

"मलाही. मला रोज वाटते. गाडी काढली की वाटते."

"मग सांगितलं का नाही कधी?"

"तू ब्रेक म्हणायचीस. मला वाटलं, तुला एकटीलाच वाटत असेल. दोघंही घाबरलो तर गाडी चालवणार कोण?"

सुमतीबाईंनी मागून हात सरकवत त्यांच्या खांद्यावर ठेवला. इतक्या हळू, की मला भारही जाणवला नाही.

चाक मात्र कळव्याच्या नाक्यावर पोचलं होतं. तिथं आवडाबाई मासळी विकत बसली होती. चाक तिच्या टोपलीला टेकून आडवं झालं. तिनं ते ओळखलं आणि बायकांना हाक दिली, "चला गो! टिपणिसांची गारी मोडली!"

चाक ढकलत, डोक्यावर मासळी घेऊन कोळणी चढ चढून आल्या. आवडाबाईनं एकदा माझ्याकडे, एकदा खाडीकडे पाहिलं.

"आमी डोंगराच्या अंगाला बसतो. वयनी, तू हलू नको. मी सांगंन तवा उतर."

माझ्या उजव्या फुटबोर्डावर आणि मागं सामान बांधायच्या जागी कोळणी टोपल्यांसकट बसल्या. सुरमई, कोलंबी, ओले बोंबील, आणि वर बायका. मी मागं झुकले, नाक वर आलं. आवडाबाईनं सुमतीबाईंना उजवीकडून ओढून घेतलं. मग परशुराम आला, शेवटी श्रीपादराव. नंतर दोर बांधून सगळ्यांनी मला रस्त्यावर ओढलं. परशुरामानं चाक चढवलं आणि सहाच्या सहा नट आवळले. आवडाबाईनं प्रत्येक नट स्वतः हलवून पाहिला.

निघताना सुमतीबाईंनी मागचं दार उघडून धरलं. "आवडाबाई, बसा."

"आता कशाला, वयनी? ब्रेक लागला ना तुमचा."

"पण अगं," श्रीपादराव म्हणाले, "ती आता गाडीत काय करणार?"

"मी काय करते? बसते. तीही बसेल."

आवडाबाई बसली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. श्रीपादरावांनी भीती कबूल केल्यापासून त्यांना गाडी चालवायचं कारणच उरलं नाही. सुमतीबाई शिकल्या, रीतसर परवाना काढला. मग एके दिवशी आवडाबाई म्हणाली, खाडीत होरी हाकते तर ही का नाय? तीही शिकली. आता रविवारी ती पुढं, सुमतीबाई तिच्याशेजारी, आणि श्रीपादराव मागं, मांडीवर मासळीची टोपली घेऊन. ते तिथं सुखात असतात. वाटेतली झाडं त्यांनी आत्ता कुठं पाहिली.

तर आता निघायला हवं. आवडाबाईनं हँडल मारलंय. वाचकहो, हात जोडून एक विनंती. कल्याणच्या रस्त्यावर पुढून फेंगडी अशी एक म्हातारी मोटार येताना दिसली, तर कृपा करून बाजूला व्हा. माझे ब्रेक आता उत्तम आहेत. पण आवडाबाईला ते वापरणं कमीपणाचं वाटतं.