तीन गावच्या गोळ्या

डोंगरकड्यात मारुतीपुढं दरसाल सप्ताह बसतो, आणि दुपारी दोन ते चारचा वीणेचा पहारा मुंजाजीबुवांचा. वीणा गळ्यात घालून उभ्यानं नाम घ्यायचं. दुसरा पुढं आल्याशिवाय ती उतरवायची नाही, भुईला तर टेकवायचीच नाही. बावीस वर्षांत बुवांचा पहारा एकदाही चुकला नव्हता. यंदा मात्र सिंधूबाईंनी नवऱ्याला बजावलं होतं, "चक्कर आली तर पहारा त्या टपून बसलेल्या किशनरावाला जाईल. मंग माझ्यापाशी रडायचं न्हाई."

बुवांना बीपी निघालं होतं, आणि तेही तीन गावी.

पहिल्यांदा गावच्या उपकेंद्रात. संध्या सिस्टरनं बाकड्यावर बसवून दंडाला पट्टा गुंडाळला, महिन्याच्या गोळ्या दिल्या आणि "मामा, लोणचं कमी" एवढंच म्हणाली. बुवांना ते जरा हलकंच वाटलं. मग नांदेडला मेहुण्याकडं बारसं झालं. पापड-जिलेबीनंतर डोकं गरगरलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरनं ईसीजी काढून दुसऱ्या नावाची गोळी दिली. गेल्या आठवड्यात पुण्याला लेकाकडं गेले. लिफ्ट बंद, चार मजले चढून बुवा धापा टाकत होते. लेक परमेश्वर घाबरला आणि थेट दवाखान्यात दोन दिवस खाट, हिरवा झगा, तिसरीच गोळी. एकच बीपी, पण गाव बदललं की त्याची इज्जत वाढायची.

"आपल्याकडं बीपी बसवून मोजतेत," बुवा पारावर सांगायचे, "पुण्यात निजवून!"

आधीची गोळी चालू आहे का, असं प्रत्येक डॉक्टरनं विचारलं होतं. बुवा नुसते हसले. एका देवाच्या दारात दुसऱ्या देवाची गोष्ट कशाला काढायची? आणि तीन देवळांत गेलं तर प्रसाद तिन्हीकडचा घ्यावाच लागतो. म्हणून सकाळी आंघोळ झाली की तिन्ही गोळ्या डोळ्यांना लावून भक्तिभावानं गिळायचे.

सप्ताहाच्या चौथ्या दिवशी दोनला वीणा गळ्यात पडली. अडीचला मारुती डावीकडं झुकला. मग समोर बसलेले किशनराव दोन दिसायला लागले. बुवांना एकच किशनराव जड जायचा.

"बुवा, द्या इकडं," किशनराव म्हणाले.

"अजून जित्ता हाय मी!"

बुवा एवढं बोलले आणि त्यांचे गुडघे वाकले. पण हात वर! वीणा डोक्यावर धरून ते सावकाश खाली यायला लागले. किशनराव उठायला गेले, तर सकाळपासून मांडी घालून वाट पाहण्यात त्यांच्या पायाला मुंग्या आलेल्या. तेवढ्यात बायकांतून सिंधूबाई धावल्या, वीणा काढून आपल्या गळ्यात घातली, आणि नाम तुटू न देता "रामकृष्णहरी" उचललं.

उपकेंद्रातून संध्या सिस्टर पळत आली. बुवांना आडवं करून तिनं त्यांचे पाय टाळांच्या पोत्यावर ठेवले. बीपी नव्वद-पन्नास.

"मामा, गोळी कोणती घेता?"

"कोणत्या गावची?"

सिस्टर दचकली. बुवांच्या बंडीतून तीन पाकिटं निघाली. बारीक अक्षरं वाचून तिनं कपाळाला हात लावला. "मामा, तिन्ही एकच औषध हाय. नुसती नावं तीन."

बुवांनी तिन्ही पाकिटं हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग म्हणाले, "देव एक, नावं अनेक, हे जलमभर ऐकलं. डॉक्टर लोकबी तेच करतेत व्हय?"

"चला, जीप आली. आजची रात बाळापूरच्या दवाखान्यात."

"म्हंजे चौथी गोळी?"

"आज एकबी न्हाई! उद्यापासून काय घ्यायचं ते डॉक्टर सांगतील. आणि या तिन्हीची नावं त्यांना सांगायची. लाजायचं न्हाई."

जीपकडं नेताना बुवांचे डोळे भरून आले. "किशनराव, बावीस वर्षांचा पहारा चुकला की हो."

किशनराव पाय चोळत लंगडत आले. "कसा चुकल? वीणा तुमच्याच घरात हाय न्हवं?"

बुवांचा चेहरा उजळला. जीपच्या बाकावर आडवं पडल्या पडल्या त्यांनी मान वर काढली आणि ओरडले, "अवं, पुढच्या साली मीच घेईन बरं का!"

सिंधूबाईंनी ऐकलं. वीणा घट्ट धरली, सूर आणखी चढवला आणि मारुतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.